फळी वाजवून घेताना

१९५२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. १९२६ पासून चालत आलेली ही स्पर्धा आशिया खंडात आली ती त्या वर्षी पहिल्यांदाच. त्या वेळी सिल्वासा पोर्तुगीज अमलाखाली होते. मुंबई येथून पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. परंतु मध्ये सरहद्द होती. २ ऑगस्ट १९५४ रोजी नगर हवेली मुक्त झाली, त्याच्या अडीच वर्षे आधीची ही गोष्ट. म्हणजे आज मी ज्या प्रसंगाविषयी बोलणार आहे, तो आमच्या गावाच्या दृष्टीने त्या काळी परमुलखातच घडला.

तो प्रसंग असा. जपानचा संघ या स्पर्धेत प्रथमच उतरला होता. त्यात हिरोजी सातो नावाचा एक चष्मा लावणारा, अंगाने लहानखुरा खेळाडू होता. स्पर्धेपूर्वी युरोपात त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. लेखणी धरावी तशी तो बॅट धरी. त्या लाकडी फळीवर रबराच्या नेहमीच्या दाणेदार कातड्याऐवजी स्पंजाचा जाड थर चिकटवलेला होता. या बॅटीने त्याने एकामागून एक नामांकित खेळाडू गारद केले आणि अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून जागतिक विजेतेपद पटकावले. अमेरिकेचा मार्टी राइसमन हा त्या काळचा मोठा घणाघाती खेळाडू. तोही याच स्पर्धेत सातोपुढे हरला. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिलांचे सांघिक विजेतेपद हीसुद्धा जपाननेच नेली. सातपैकी चार! महिला एकेरीचे अजिंक्यपद मात्र रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनू हिने राखले आणि पुरुषांचा सांघिक करंडक हंगेरीने.

सातोच्या बॅटीत असे काय होते? तिच्यात आवाज नव्हता. ही गोष्ट आज क्षुल्लक वाटेल. तेव्हा ती क्षुल्लक नव्हती. दाणेदार रबराच्या पातळ थराखाली लाकूड असले म्हणजे चेंडू आपटताच टक् असा स्वच्छ आवाज होतो. फटका जोरकस की हलका, चेंडूला फिरकी दिली आहे की नाही, हे प्रतिस्पर्धी डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी ओळखी. पंचवीस वर्षे घडवलेली ही कानाची विद्या मुंबईत एकाएकी निरुपयोगी ठरली. स्पंजात चेंडू रुते, क्षणभर थांबे आणि मुक्यानेच परत येई. तो नेमका केव्हा सुटला हेच समोरच्याला उमगत नसे.

आता या कथेचा बोध म्हणून बहुतेक जण सांगतात की स्पंजाने विश्वविजेतेपद जिंकले. मला हे विधान उतावळेपणाचे वाटते. सातोला त्यानंतर पुन्हा कधी जागतिक एकेरीचे विजेतेपद मिळाले नाही. स्पंजच जिंकत असता तर त्याच्या हातातली बॅट काही हरवली नव्हती. उलट पक्षी, १९५४ मध्ये वेंब्ली येथे इचिरो ओगिमुरा याने विजेतेपद मिळवले ते स्पंजाच्या बॅटीनेच. पण तोवर समोरच्या खेळाडूंना स्पंजाची नवलाई उरली नव्हती. ओगिमुरा पायांच्या चपळाईवर आणि अपार मेहनतीवर जिंकला. पुढे तो आंतरराष्ट्रीय संघाचा अध्यक्षही झाला. तेव्हा मुंबईत नेमके कोण जिंकले, फळी, फळीवरचे आवरण, खेळाडू की प्रेक्षकांचे व प्रतिस्पर्ध्यांचे अज्ञान, याचा निवाडा त्या दहा दिवसांत करणे कोणाला शक्य नव्हते. साधनाची पारख करताना हाच पेच आजही पडतो, आणि माझ्या आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

निमित्त साधे आहे. आमच्या शाळेत टेबल टेनिसची दोन टेबले आहेत. मुले बहुतेक वारली, कोकणा आणि धोडिया समाजांतली. पुष्कळशी वसतिगृहात राहणारी. बॅटींसाठी वर्षाकाठी जी रक्कम मिळते ती एकदाच खर्च करता येते, आणि चुकीची खरेदी झाली की ती वर्षभर मुलांच्या हातात राहते. यंदा एक नवी फळी आमच्याकडे परीक्षेसाठी आली: भारतीय बनावटीची, पाच पदरांची, संपूर्ण लाकडी. कार्बनच्या धाग्यांचा थर घातलेल्या फळ्या घ्याव्यात असा एक आग्रह होता. त्या किमतीने कैक पट महाग. पाच मुलांना लाकडी की एका मुलाला कार्बनची, असा तो हिशेब होता.

निकाल सांगण्यापूर्वी या फळीचा थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हा खेळ जेवणाच्या टेबलावर सुरू झाला, तेव्हा बॅट म्हणजे लांब दांड्याची, चामडे ताणून बसवलेली डफासारखी वस्तू होती. पिंगपाँग हे नाव तिच्याच आवाजावरून पडले असे सांगतात. मग साध्या लाकडाच्या फळ्या आल्या. कोणी त्यांवर बुचाचे साल लावी, कोणी काचकागद. दाणेदार रबराची एक दंतकथा आहे. १९०२ च्या सुमारास लंडनच्या एका औषधाच्या दुकानात गुड नावाच्या खेळाडूने सुटे पैसे ठेवण्याची रबरी चटई पाहिली, ती विकत घेतली आणि कापून बॅटीवर डकवली. खरे-खोटे देव जाणे. एवढे मात्र निश्चित की पुढची पन्नास वर्षे लाकूड आणि दाणेदार रबर यांच्याच जोडीचे राज्य होते. हंगेरीच्या व्हिक्टर बार्नाने १९३० ते १९३५ या काळात एकेरीचे विजेतेपद पाच वेळा जिंकले, रिचर्ड बर्गमनने पुढे चार वेळा, इंग्लंडच्या जॉनी लीचने दोन वेळा. साऱ्यांच्या हाती हीच जोडी.

या जोडीचा एक दोषही होता. तिने बचाव फार सोपा केला. १९३६ साली प्राग येथे एर्लिच आणि पानेथ या दोघा बचावपटूंनी एका गुणासाठी दोन तासांहून अधिक वेळ चेंडू परतवला! पंचाची मान अवघडली असेल तर नवल नाही. त्यानंतर जाळी सहा इंचांवर आणली गेली आणि वेळेचे निर्बंध आले. अशा साचलेल्या पाण्यात सातोचा स्पंज दगडासारखा पडला.

गंमत अशी की मुंबईच्या स्पर्धेत सातोने कोणताही नियम मोडला नव्हता. बॅट कशाची असावी, केवढी असावी, याविषयी त्या वेळच्या नियमांत बंधनच नव्हते. सात वर्षे वाद चालला आणि १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने मर्यादा घातली. नुसत्या स्पंजाला मनाई झाली. स्पंजावर रबर चढवलेले आवरण चिकटद्रव्यासह चार मिलिमीटरपर्यंत, आणि नुसते दाणेदार रबर दोन मिलिमीटरपर्यंत. फळीच्या बाबतीत आजचा नियम असा आहे की तिच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा हवा. चिकटद्रव्याच्या थरात कार्बन, काच किंवा दाबलेला कागद यांच्या धाग्यांचे बळ देता येते. पण तो एकेक थर एकूण जाडीच्या साडेसात टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड असता कामा नये. आकार, वजन, घाट यांना आजही मोकळीक आहे. स्वीडनच्या त्रुल्स मोरेगार्डने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले ते षट्कोनी फळीने. म्हणजे कार्बनची म्हणून जी फळी मिळते तीही बहुतांशी लाकडाचीच असते. जाहिरातींमध्ये ही गोष्ट बारीक अक्षरांतसुद्धा आढळत नाही.

आता फळी आतून कशी असते ते पाहू. जपानी पद्धतीच्या एकपदरी फळ्या हिनोकी नावाच्या सुगंधी सायप्रस वृक्षाच्या लाकडाच्या. त्या जाड असूनही हलक्या असतात. स्वीडनने बहुपदरी फळीला घाट दिला. तेथील त्रानोस गावी १९३४ मध्ये स्टिग येल्मक्विस्ट यांनी सुरू केलेल्या कारखान्याची तीच ख्याती. पाच पदरी फळीत मधोमध जाड गाभा, बहुधा आफ्रिकेतील आयूस वृक्षाचा. त्याच्या दोन्ही अंगांना पातळ पदर, बरेचदा स्प्रूसचे, ज्यांच्या रेषा गाभ्याच्या रेषांना आडव्या. आणि सर्वांत बाहेर लिंबासारख्या लाकडाचा पापुद्रा, ज्याच्या रेषा पुन्हा मुठीच्या दिशेने उभ्या. (हे लिंबा म्हणजे आपला कडुनिंब नव्हे, आफ्रिकेतील एक झाड.) पदरांची संख्या नेहमी विषम, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतात. आडव्या-उभ्या रेषांमुळे एका दिशेचे आकुंचन दुसरी दिशा रोखून धरते आणि फळी सहसा वाकत नाही. खाटेची सुंभाची वीण ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

आमच्या मुलांपैकी एकाने विचारले, की गुरुजी, आपल्या जंगलात एवढा साग आहे, त्याची फळी का नाही करत? प्रश्न चांगला होता. साग टिकाऊ खरा, पण या कामाला जड. आयूस त्याच्या निम्म्याच्या आसपास वजनाचे. शिवाय सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे सरस नीट धरत नाही. हलकी लाकडे आपल्याकडे नाहीत असे नव्हे. सावर हलकी आहे, पण तिला बुरशी लवकर लागते. शिवणीचे लाकूड हलके, न वाकणारे. कोरीव कामाला आणि वाद्यांना त्याची कीर्ती जुनी आहे. त्याच्या गाभ्याची फळी कोणी मनापासून करून पाहिली पाहिजे असे मला वाटते. सुताराच्या घरी वाढलेल्या तारकाचा मी भक्त, तेव्हा लाकडाच्या बाबतीत माझा थोडा पक्षपात श्रोत्यांनी गृहीत धरावा.

असो. फळीची पारख आम्ही कशी केली ते सांगतो. पहिली परीक्षा अर्थात वजनकाट्यावर. ८७ ग्रॅम; अशा फळीला साजेसे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाकूड हे झाडातून येते, साच्यातून नव्हे. एकाच नावाच्या, एकाच कारखान्यातल्या दोन फळ्यांत पाच-सात ग्रॅमांचा फरक सहज असतो, म्हणून एका नमुन्यावरून डझनाची मागणी नोंदवणे शहाणपणाचे नाही. मग काठ पाहिला. पदर सर्वत्र सारख्या जाडीचे आहेत का, कोठे सरसाची पोकळी राहिली आहे का, हे काठावर भिंग धरले की दिसते. आमच्या नमुन्यात मुठीजवळ एका जागी पदर किंचित सुटल्यासारखा दिसला. ते पाहून आम्ही विक्रेत्याला दुसरा नमुना पाठवावयास सांगितले, आणि पुढची सर्व परीक्षा त्या दुसऱ्यावर झाली. त्याचे वजन ८४ ग्रॅम.

त्यानंतर फळी वाजवून घेतली. बाजारात मडके घेताना आपली माणसे बोटाने टिचकी मारतात, तसेच. रबर न लावलेली फळी मुठीशी सैल धरून तिच्यावर चेंडू टाकला की जो स्वर निघतो, तो वरचा असेल तर फळी ताठर आणि वेगवान. खालचा असेल तर लवचिक आणि सावकाश. यात गूढ काही नाही. ताठर वस्तू अधिक जलद कंप पावते, इतकेच. आमच्या संगीताच्या शिक्षकांनी पेटी आणली आणि जुन्या फळीचा व नव्या फळीचा स्वर ताडून पाहिला. नवीचा स्वर सुमारे एका सुराने वर होता. म्हणजे जुनीपेक्षा ती वेगवान असावी, असा अंदाज खेळण्यापूर्वीच बांधता आला. पुढे तो खरा ठरला. मात्र स्वर ही खूण आहे, प्रमाण नव्हे. गाभा जाड असला तरी स्वर चढतो, आणि दोन फळ्यांचा स्वर एक असून हाताला त्या अगदी निराळ्या वाटू शकतात.

खरी परीक्षा टेबलावर. येथेच मुंबईच्या १९५२ चा धडा उपयोगी पडला. सातोच्या बाबतीत फळी, आवरण आणि खेळाडू ही तिन्ही एकदम बदललेली होती, म्हणून निवाडा होऊ शकला नाही. आम्ही ठरवले की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जुन्या फळीवरची रबरे सोलून काढून तीच नव्या फळीवर पाण्यात विरघळणाऱ्या सरसाने डकवली. पूर्वी खेळाडू ज्या झटपट सरसाने रबर फुगवीत, त्यातल्या बाष्पांवर २००८ पासून बंदी आहे, आणि शाळेत तर ती वस्तू नसलेलीच बरी. दोन्ही फळ्यांच्या मुठींवर जुन्या कापडाच्या सारख्याच पट्ट्या गुंडाळल्या, म्हणजे हातात कोणती आहे हे मुठीच्या रंगावरून किंवा नक्षीवरून कळू नये. खेळणाऱ्या मुलांपैकी एक बचाव करणारी मुलगी, एक आक्रमक मुलगा आणि एक अगदी नवशिका.

पहिल्या दिवशी तिघांनीही नवी फळी वाईट ठरवली. हे अपेक्षितच होते. हाताची सवय ही फार हटवादी गोष्ट आहे. नवे जोडे जसे पहिल्या दिवशी चावतातच. पहिल्याच दिवसाचे मत लिहून घेऊन परीक्षा संपवणाऱ्यांनी किती चांगल्या फळ्या नाकारल्या असतील, कोण जाणे. आठव्या दिवशी आक्रमक मुलाने मत बदलले. त्याचे फटके जाळीवरून कमी चढावाने जाऊ लागले, कारण फळीचा वेग अधिक होता आणि त्याने मनगटाचा कोन आपोआप मिटवला होता. बचाव करणाऱ्या मुलीचे मत मात्र तीन आठवड्यांनीही तेच राहिले. चॉप करताना चेंडू टेबलाबाहेर जातो, ही तिची तक्रार खरी होती. मोजणीत दिसलेही तसेच. शंभर चॉपांपैकी जुन्या फळीने ज्या संख्येने चेंडू टेबलावर पडत, नवीने त्याहून स्पष्टपणे कमी. तिच्यासाठी जुनीच ठेवली. चांगली फळी म्हणजे कोणासाठी चांगली, हे विचारल्याखेरीज परीक्षेला अर्थ नाही.

नवशिक्याची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण शाळेत बहुसंख्य तेच असतात. चेंडू फळीच्या मध्यभागी न लागता कडेला लागला की लाकडी फळी हातात झणझणते. ती चूक तळव्याला कळते. कार्बनच्या फळीत चांगला फटका बसणारी जागा मोठी असते. कडेला लागलेला चेंडूही बऱ्यापैकी जातो. तिच्या कैवाऱ्यांचे म्हणणे असे की हेच तर शिकणाऱ्याला उपकारक आहे, त्याचे मन खचत नाही. मला हे पटत नाही. पाढे चुकले तरी बरोबर म्हणणारा मास्तर मुलांना आवडेल. पण त्या मुलांचे गणित पक्के होणार नाही. कार्बनची बॅट उच्च दर्जाच्या खेळाडूला लागते याविषयी वाद नाही. चेंडू २००० साली ३८ चा ४० मिलिमीटरचा झाला, २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आले, आणि चेंडूचा वेग व फिरकी दोन्ही मंदावली, तेव्हा मोठ्या खेळाडूंना ती तूट फळीतून भरून काढावी लागली. बारा वर्षांच्या मुलाला ती तूट जाणवण्याइतका जोर अजून हातात आलेला नसतो.

आणि आवरणाच्या बळावर जिंकण्याविषयी जो कुत्सितपणा १९५२ मध्ये ऐकू आला तो आजही ऐकू येतो. मनिका बात्राने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत बॅटीच्या एका बाजूला लांब दाण्यांचे रबर वापरून सिंगापूरच्या फेंग तिआनवेईला हरवले, तेव्हा रबराचीच चर्चा अधिक झाली. त्या सुवर्णविजेत्या महिला संघात ठाण्याच्या मधुरिका पाटकर आणि पूजा सहस्रबुद्धे याही होत्या, हे मराठी श्रोत्यांनी विसरू नये. राइसमनने आपल्यापरीने या वादाला आयुष्यभर उत्तर दिले. तो जुन्या दाणेदार रबराच्या बॅटीला चिकटून राहिला आणि १९९७ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या प्रकारचे अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकला. हट्ट म्हणा, निष्ठा म्हणा. माझ्या मते थोडे दोन्ही.

आमचा निकाल असा झाला: आक्रमक खेळणाऱ्यांसाठी आणि नवशिक्यांसाठी नव्या लाकडी फळ्या, प्रत्येक फळी वजन करून आणि काठ तपासून; बचाव करणाऱ्या दोघींसाठी जुन्याच सावकाश फळ्या. कार्बनची एकही नाही. उरलेल्या रकमेत रबरे घ्यायची, कारण रबर म्हातारे झाले की उत्तम फळीही मुकी होते.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. आमच्याकडे पावसाळ्यात दोनशे सेंटिमीटरांच्या वर पाऊस पडतो. लाकूड हवेतली ओल पिते, तीच फळी मे महिन्यापेक्षा ऑगस्टमध्ये दोन-तीन ग्रॅमांनी जड भरते आणि तिचा स्वरही उतरतो. म्हणून रबर लावण्यापूर्वी लाकडावर पातळ रोगणाचा एकच हात द्यावा. जाड दिला तर फळी ताठरते आणि आपली सगळी परीक्षा वाया जाते. त्याने रबर सोलताना पापुद्राही निघत नाही. बॅट ओल्या दप्तरात ठेवू नये, चुलीजवळ वाळवू नये, आणि दोन जाड पुस्तकांच्या मध्ये दाबून ठेवावी. आमच्याकडे त्यासाठी जुने शब्दकोश वापरतात.